मांडणी कोणासाठी?

घर लहान असले तरी त्यात पुस्तकांना जागा असावी, ही इच्छा शुभच आहे. जवाहरनगरच्या आयुध निर्माणी वसाहतीतील दोन खोल्यांच्या संसारातही ती बाळगता येते. हल्ली मात्र बाजारात मांडण्यांचे नवनवे आकार मिळतात: झाडाच्या फांद्यांप्रमाणे तिरक्या फळ्या, मधाच्या पोळ्यासारखे षट्कोनी कप्पे, आणि पुस्तकांची चळत भिंतीवर अधांतरी असल्याचा भास निर्माण करणारी लपविलेली लोखंडी पट्टी. सौंदर्याची ओढ हा दोष नव्हे. प्रश्न एवढाच की, मांडणी पुस्तकासाठी आहे की पुस्तक मांडणीसाठी?

त्या लोखंडी पट्टीचेच पाहा. तीत सर्वांत खालचे पुस्तक अडकवावे लागते. सारा भार तेच वाहते. पण चळत उतरविल्याखेरीज ते उघडता येत नाही. म्हणजे ते पुस्तक उरले नाही, खुंटी झाले. तिरक्या फळीवर पुस्तके कलंडतात व त्यांची बांधणी सैल होते. याउलट, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवलेल्या साध्या, सरळ मांडणीत वारा खेळतो, पावसाळ्यात भिंतीची ओल पुस्तकांना लागत नाही आणि वाळवी आलीच तर वेळीच दिसते.

हा मोह जुनाच आहे. भोजनगृहाच्या शोभेसाठी ग्रंथ जमविणाऱ्यांना रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने पहिल्या शतकातच फटकारले होते. आपल्या देशात एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ उपयोगासाठी असतात, हा त्यांतील पहिला.

आपल्या ‘क्रिस्तपुराणा’ची कथा हेच सांगते. फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा ग्रंथ १६१६ साली राशोल येथे छापला गेला. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो भाविकांनी हातांनी उतरवून घेतलेल्या आणि वाचलेल्या प्रतींमुळे. अशाच हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला.

म्हणून मांडणी घेताना सुताराला किंवा दुकानदाराला एवढेच विचारावे: घरातील लहान मुलाचा हात हिच्यापर्यंत पोहोचेल का, आणि त्याने ओढलेले पुस्तक सहज निघेल का? मग ती सुंदरही असली तर आनंदच आहे.