नव्या घराचा कठडा

शास्त्रवाचन : अनुवाद २२:८, २ करिंथ ८:१८-२१



नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर वरून कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, अशी मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे. त्या देशात धाब्यावर सर्वांचा वावर असे. पेत्रही यापो येथे धाब्यावरच प्रार्थनेस गेला होता. कोणी पडल्यावर कठडा बांधा, असे देव सांगत नाही. तो घराबरोबरच बांधावयाचा आहे.

आज विज्ञानाची नवी घरे झपाट्याने उभी राहत आहेत. त्यांचा कठडा कोणी बांधावा?

अमेरिकेत पॉल बर्ग नावाच्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग योजिला होता. प्राण्यांत गाठी उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचे डीएनए, माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जातीच्या जंतूत घालावयाचे होते. तो जंतू बाहेर पसरला तर? १९७१ मध्ये रॉबर्ट पोलॅक या दुसऱ्या शास्त्रज्ञाने ही शंका त्यांना फोनवर बोलून दाखविली. बर्ग प्रथम नाराज झाले, पण त्यांनी प्रयोग थांबविला. जुलै १९७४ मध्ये त्यांनी व आणखी दहा जणांनी जाहीर पत्र लिहून, असे काही प्रयोग सर्वांनीच तूर्त थांबवावेत अशी विनंती केली. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे, मुळात वाय.डब्ल्यू.सी.ए.ने उभारलेल्या शिबिरस्थानी, सुमारे १४० जण जमले. धोका जितका मोठा तितका बंदोबस्त कडक, असे त्यांनी ठरविले. १९७६ मध्ये सरकारी नियम आले. पुढे याच विद्येतून तयार झालेल्या मानवी इन्सुलिनला १९८२ मध्ये मान्यता मिळाली. आज कित्येक मधुमेही त्यावर जगत आहेत. कठड्याने घर अडले नाही.

हे आत्मसंयमाचे उत्तम उदाहरण होय. तरी तेवढ्यावर भागत नाही. ते सरकारी नियम सरकारी अनुदान घेणाऱ्यांनाच बांधणारे होते. खाजगी कंपन्यांनी ते पाळावे की नाही, हे त्यांच्या इच्छेवर राहिले. केंब्रिज या अमेरिकन शहराच्या नगरपरिषदेने १९७६ मध्ये असे काम काही काळ थांबविले, नागरिकांची समिती नेमली व १९७७ मध्ये अटी घालून परवानगी दिली. ज्यांच्या डोक्यावर धाबे, त्यांनाही बोलावयास मिळाले.

पुढे २०१५ मध्ये शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने सांगितले की, सुरक्षिततेची खात्री व समाजाची संमती नसता, जन्मास येणाऱ्या बालकांच्या जनुकांत फेरफार करणे बेजबाबदारपणाचे ठरेल. तरी २०१८ मध्ये चीनमध्ये हे च्यानख्वे या संशोधकाने तशा जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली. पण तोवर मुली जन्मल्या होत्या. मार्च २०२३ मध्ये, सर्वांत बलाढ्य कृत्रिम बुद्धिमत्तेची घडण सहा महिने थांबवावी, असे जाहीर पत्र निघाले. शर्यत थांबली नाही.

यात आपल्यासाठी बोध आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमविलेली वर्गणी पाठविताना पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला बंधूही धाडला. आपण प्रेषित आहोत, आपल्यावर विश्वास ठेवा, एवढेच म्हणून तो थांबला नाही. प्रभूच्या दृष्टीने जे योग्य ते माणसांच्या दृष्टीनेही योग्य दिसावे, ही त्याची काळजी होती. सदसद्विवेक ही देवाची देणगी खरी. पण लोभ, घाई व कीर्तीची हाव तिला झोपवू शकतात. दावीदासारख्या राजालाही नाथानाची गरज पडली.

मग मंडळीचा हिशेब तपासावयास मागितला असता आपण रागावतो काय? शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, मुलांना दोन्ही गोष्टी शिकवा : कोणी पाहत नसतानाही स्वतःला आवरावे, आणि कोणी विचारले तर आनंदाने उत्तर द्यावे. त्यांतील काही उद्या प्रयोगशाळांत व कंपन्यांत बसतील. कठडा घरधन्यानेच बांधावयाचा असतो. पण तो बांधण्याची आज्ञा त्याच्या मर्जीवर सोडलेली नाही, कारण धाब्यावर दुसऱ्याचे लेकरू चालणार आहे.

प्रभू आपणांस अशी दूरदृष्टी व नम्रता देवो. आमेन.