लेथार्जी: आळस की विसर?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १४, श्लोक ८.

सावंतवाडीत पावसाची झड लागलीय. आजीला आता नीट दिसत नाही, म्हणून रोज दिवेलागणीला तिला ज्ञानेश्वरीच्या दहा ओव्या वाचून दाखवायचं मी कबूल केलं होतं. चार दिवस वाचलेलं नाही. घरूनच ऑफिसचं काम, ते संपलं की लोळत मोबाईल. मित्राला मेसेज टाकला, "लेथार्जिक वाटतंय यार."

मग सहज त्या शब्दाचं मूळ शोधलं. शब्द ग्रीक. 'लेथे' म्हणजे विसर आणि 'आर्गोस' म्हणजे काम न करणारा. ग्रीक पुराणकथांत लेथे नावाची पाताळातली नदीच आहे. मेलेले तिचं पाणी पितात आणि मागचं सगळं विसरतात. इंग्रजीत हा शब्द १४व्या शतकात आला, तो गुंगीच्या आजाराचं नाव म्हणून.

म्हणजे आळसाच्या पोटात विसर आहे!

आजचा श्लोक हेच सांगतो. तमोगुण माणसाला तीन दोरांनी बांधतो: प्रमाद, आलस्य, निद्रा. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. तो पहिला. आधी भान सुटतं, मग अंग जड होतं.

अर्जुनाचंच बघा ना. पहिल्या अध्यायात त्याचे हातपाय गळतात, गांडीव निसटतं, तो रथात बसून राहतो. आणि अठराव्या अध्यायात उठताना तो काय म्हणतो? ताकद आली असं नाही, स्मृती परत आली असं म्हणतो.

पण प्रत्येक थकवा म्हणजे आळस नव्हे हं. पतंजलींनी योगसूत्रांत साधनेतले नऊ अडथळे सांगितले, त्यात व्याधी वेगळी आणि आलस्य वेगळं. आजारी माणसाला औषध आणि विश्रांतीच हवी. मी मात्र आजारी नव्हतो. रात्री बारापर्यंत रील्स बघायला अंगात ताकद होतीच की!

काल संध्याकाळी आजीजवळ जाऊन बसलो. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "इसारलंस काय रे माका?"

आळशी म्हणाली असती तर हसून सोडून दिलं असतं. हे लागलं. पोथी उघडली.

आज अंग जड वाटलं तर स्वतःला आळशी म्हणू नका. एकच विचारा, मी कोणाला विसरलोय?

राम कृष्ण हरी 🙏