दोन इंच

पूर्वी रेल्वेच्या सेकंड क्लासमध्ये निजायला नुसती लाकडी फळी असे. लोक घरून सतरंजी, चादर, जमलं तर गोधडी घेऊन निघत. चौघडी करून अंथरली तरी मध्यरात्रीपर्यंत कंबर ठणकायला लागायची. म्हातारी माणसं कुशी बदलून थकत आणि उठून बसत. १९७४ मध्ये थर्ड क्लास हे नाव रेल्वेने काढून टाकलं. पाटी बदलली, फळी तीच राहिली.

१९७७ साली राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. १९७१च्या जानेवारीत राजापूरचे आधीचे खासदार बॅरिस्टर नाथ पै अकाली गेले. त्यानंतर त्याच वर्षी, ऐन इंदिरा लाटेत, कोकणाने या घाटावरच्या समाजवादी माणसाला निवडून दिलं. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते, तर पत्नी प्रमिलाताई येरवड्याला.

मंत्री झाल्यावर त्यांनी १९७४च्या संपात नोकरी गमावलेल्या रेल्वे कामगारांना परत कामावर घेतलं. मग त्या फळीकडे लक्ष वळवलं. तिच्यावर दोन इंच फोम बसवायचा, एवढाच निर्णय. वरच्या वर्गाची गादी काढून घ्यायची नाही, खालच्या वर्गाला गादी द्यायची, हा त्यांचा समाजवाद. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तिला पहिला वर्गच नव्हता.

इथे जरा थांबून पाहिलं पाहिजे. या रेल्वेमंत्र्याच्या स्वतःच्या मतदारसंघात तेव्हा वीतभरही रूळ नव्हता. चाकरमानी गणपतीला एसटीने, रात्रभर घाटांतली वळणं सोसत गावी जात. त्या दोन इंचांवर आधी निजले ते नागपूरचे, बिहारचे, बंगालचे प्रवासी, म्हणजे राजापुरात ज्यांचं एकही मत नव्हतं असे लोक. मतांचा हिशेब मांडणाऱ्याला हे जमलं नसतं. खासदार आपल्या गावाचा असतोच, पण संसदेत तो साऱ्या देशाच्या वतीने बसतो, हे दंडवत्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ते कोकण विसरले असं मात्र नाही. नाथ पैंपासून चालत आलेली कोकण रेल्वेची मागणी ते वर्षानुवर्षं लावून धरत राहिले. रोह्यापर्यंत रूळ आले आणि तिथेच थांबले. पुढे सह्याद्रीचे कडे, खाड्या, आणि पैसा कुठून आणायचा हा प्रश्न. १९८९ मध्ये दंडवते अर्थमंत्री झाले, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ त्यात भागीदार झाले, रोखे काढून पैसा उभा राहिला आणि ई. श्रीधरन यांच्या हाताखाली काम सुरू झालं.

पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, लागोपाठ पाच वेळा निवडून देणाऱ्या राजापूरने दंडवत्यांना पाडलं. ते पुन्हा लोकसभेत गेले नाहीत. बोगदे मात्र खोदले जात राहिले, आणि २६ जानेवारी १९९८ला संपूर्ण मार्ग खुला झाला.

दंडवते २००५ साली वारले, देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला. पुढे मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९च्या निवडणुकीपासून राजापूर हा लोकसभा मतदारसंघच उरला नाही. राजापूर रोड हे स्थानक आहे, आणि तिथे गाड्या थांबतात.