टळलेल्या चुकांची वही

नाशिकच्या एका रुग्णालयात, पुरुषांच्या वॉर्डात, दोन रामदास भरती झाले होते. एक निफाडकडचा. त्याला शुगर होती आणि सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन चालू होतं. दुसरा सिन्नरचा, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेला. दोघंही साठीच्या पुढचे, दोघांनाही ऐकायला कमी, आणि कॉटही शेजारी-शेजारी.

मध्यरात्री निफाडच्या रामदासच्या डोक्यावरचा पंखा बंद पडला. त्याचा जीव उकाड्यानं कासावीस झाला. सिन्नरचा म्हणाला, "तुम्ही इकडं या. मला तर पंख्याची थंडीच वाजते." दोघांनी कॉट बदलल्या. वॉर्डाच्या नोंदवहीत ते कुणी लिहिलं नाही.

सकाळचे सात वाजले. रात्रपाळीची तरुण सिस्टर रात्रभर एकटीच धावत होती. तिनं वीस युनिट इन्सुलिन भरून घेतलं आणि नेहमीच्या कॉटपाशी आली.

"बाबा, तुम्ही रामदास ना?"

"हो," म्हातारा म्हणाला.

तिनं त्याचा सदरा वर केला, पोटावर स्पिरिटचा बोळा फिरवला. तेवढ्यात म्हाताऱ्याची सून बाहेरून आली.

"सिस्टर, ही सुई कसली? बाबांना शुगर नाही. आज ऑपरेशन आहे, रात्रीपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलेलं नाही."

सिस्टरचा हात तिथंच थांबला. तिनं म्हाताऱ्याचं मनगट उलटं केलं आणि नावाचा पट्टा वाचला. मग ती शेजारच्या कॉटपाशी गेली. तिथं तिनं मोठ्यानं विचारलं, "बाबा, तुमचं पूर्ण नाव सांगा. गाव कोणतं?" पट्टा पाहिला, केसपेपर पाहिला, आणि मगच सुई दिली.

कुणाला काही झालं नव्हतं. ड्यूटी बदलायची वेळ झाली. सिस्टरच्या आधीच्या नोकरीत एका मुलीनं आपली चूक कबूल केली, तेव्हा सगळ्यांदेखत तिची खरडपट्टी निघाली होती. त्यानंतर तिथं कुणी काही सांगेनासं झालं. ते आठवून सिस्टर क्षणभर गप्प राहिली. पण उपाशी माणसाच्या अंगात वीस युनिट इन्सुलिन गेलं असतं तर काय झालं असतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं इन्चार्ज सिस्टरला सगळं सांगितलं.

मोठ्या सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हात कुणी थांबवला?"

"त्यांच्या सुनेनं."

"आणि तू नाव कसं विचारलंस?"

"तुम्ही रामदास ना, असं."

"ज्याला नीट ऐकू येत नाही, तो बहुतेक वेळा होच म्हणतो," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

त्याच दिवशी त्यांनी दोन्ही रामदासांच्या कॉट वॉर्डाच्या दोन टोकांना हलवल्या. दोघांच्या केसपेपरवर लाल शाईनं 'नाव सारखे' लिहिलं. यापुढं पेशंटला नाव सुचवायचं नाही, त्याच्या तोंडून वदवायचं आणि पट्ट्याशी ताडून पाहायचं, असं ठरलं. कॉट बदलली की लगेच नोंद करायची, हेही ठरलं. मग त्यांनी शंभर पानी वही आणून टेबलावर ठेवली. "टळलेली प्रत्येक चूक इथं लिहायची. कुणी केली ते लिहू नका. कशी होणार होती ते लिहा."

बरेच दिवस वहीत ती एकच नोंद होती. कुणाला बोलणी बसत नाहीत हे दिसलं, तेव्हा एकेक हात लिहू लागला.

एका रात्री दुसऱ्या सिस्टरनं लिहिलं, "स्टोअरमधून नारिंगी टोपणाच्या सिरिंज आल्या आहेत. आपल्या बाटल्या चाळीसच्या आहेत." लाल टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरला चाळीस युनिटच्या इन्सुलिनसाठी असते, नारिंगी टोपणाची शंभर युनिटच्या. चाळीसच्या बाटलीतून नारिंगी सिरिंजनं वीसच्या खुणेपर्यंत औषध भरलं, तर पेशंटला मिळतात फक्त आठ युनिट. आणि शंभरचं औषध लाल सिरिंजनं भरलं, तर विसाचे पन्नास होतात. तो खोका एकही सिरिंज न वापरता परत गेला.

चूक दमलेल्या हातून होते, सारख्या नावामुळं होते, चुकीच्या टोपणामुळं होते. ती झाकली की पुढच्या पाळीत दुसऱ्या कुणाच्या हातून पुन्हा होते. सांगितली की सगळा वॉर्ड शहाणा होतो. औषधांमुळं होणारी इजा टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये मोहीम सुरू केली. 17 सप्टेंबर हा दिवस जगभर रुग्णसुरक्षेसाठी पाळला जातो. नाशिककरांना तर याचं मोल वेगळं सांगायला नको. 21 एप्रिल 2021 रोजी इथल्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि किमान 22 रुग्ण दगावले. प्राणवायू हेही औषधच आहे.

म्हणून, रुग्णालयात आपल्या माणसाजवळ बसाल तेव्हा सुई कसली, गोळी कशाची, हे न संकोचता विचारा. आणि ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात त्यांनी, चूक सांगायला आलेल्याला आधी बसायला खुर्ची द्यावी.