कायक, काया आणि आजारपणाची रजा

महात्मा बसवण्णांना आपण भक्तिभांडारी म्हणतो, समाजसुधारक म्हणतो. परंतु ते पेशाने हिशेबाचे माणूस होते ही गोष्ट आपल्या बोलण्यात फारशी येत नाही. मंगळवेढ्यास बिज्जळाच्या पदरी ते करणिक होते, म्हणजे जमाखर्च लिहिणारे. पुढे कल्याणला ते भांडारी झाले, राज्याचा खजिना त्यांच्या हाती आला. पैशाच्या कामात किती ताण असतो, आकडा चुकला तर काय होते, वरिष्ठाची नजर कशी असते, हे त्यांना पोथीतून कळलेले नव्हते. या अंकात जो प्रश्न आम्ही घेत आहोत, तो त्यांच्याच गादीशेजारी बसलेल्या एखाद्या लेखनिकाने त्यांना विचारला असता, तर त्यांना तो मुळीच क्षुल्लक वाटला नसता.

प्रश्न असा. गेल्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही माळव्यात राजगढ येथे होतो. (शिवरायांचा राजगड नव्हे, धार जिल्ह्यात सरदारपूरजवळ, मोहनखेडा या जैन तीर्थाला लागून असलेले राजगढ.) व्यापार-नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेलेल्या आपल्या एका भक्ताच्या घरी इष्टलिंगपूजा झाली. प्रसादाच्या वेळी घरातला थोरला मुलगा पानावर नुसता बसून होता. वय सत्तावीस-अठ्ठावीस. इंदूरला कर्ज देणाऱ्या एका कंपनीत वसुलीचे आकडे सांभाळतो. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. गावातल्या डॉक्टरांनी कावीळ सांगून तीन आठवडे विश्रांती घ्यायला बजावले होते, आणि हा सकाळच्या पहिल्या बसने परत निघाला होता. कारण मार्चअखेर!

आई रडू लागली, तेव्हा तो आम्हाला म्हणाला, "अप्पाजी, तुम्हीच सांगा. लहानपणापासून तुमच्याकडून ऐकत आलो की कायक हाच कैलास. कायकात असताना लिंगपूजासुद्धा बाजूला ठेवावी असे शरण म्हणतात. मग मी ताप आला म्हणून काम बाजूला ठेवणे, हा कायकभंग नाही का?"

आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. त्याने वचन चुकीचे सांगितले नव्हते. आयदक्की मारय्यांच्या त्या प्रसिद्ध वचनाचा आशय तोच आहे. कायकात मग्न असता गुरूच्या दर्शनाचा, लिंगाच्या पूजेचा, समोर आलेल्या जंगमाचाही विसर पडला तरी चालेल, असे ते सांगतात. हे वचन आम्ही शेकडो वेळा व्यासपीठावरून सांगितले आहे. ते ऐकून कुणी आजारपण लपवील, हे कधी मनात आले नाही. वचन उत्साहाने सांगणाऱ्याने ते थकलेल्या माणसाच्या कानाला कसे लागते याचाही विचार करायला हवा होता.

आता वचनाकडे पाहू. मारय्यांनी कायकासाठी काय काय मागे ठेवले? पूजेचा उपचार, दर्शनाचा उपचार, आदरातिथ्याचा उपचार. कायकातच लिंग असल्यामुळे लिंगासाठी कायक थांबविण्याचे कारण उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. शरीर मागे ठेवा असे ते कुठेही म्हणत नाहीत, आणि म्हणू शकत नाहीत. 'कायक' या शब्दाच्या पोटातच 'काय' म्हणजे देह आहे. ज्या देहाने कायक करायचे, तोच कायकाच्या वेदीवर टाकला तर मागे राहिले काय? शिवाय आपल्या धर्मात लिंग देवळात नसते, अंगावर असते. श्रीमंतांनी दगडाची शिवालये बांधावीत, मी गरीब काय बांधणार, असे म्हणत बसवण्णांनी आपल्या देहालाच देऊळ मानले आणि पायांना खांबांची उपमा दिली. त्या देवळाची भिंत खचत असताना घंटा वाजवीत बसणाऱ्याला आपण भक्त म्हणू की बेफिकीर?

आणि मारय्यांची कथा तर याहून पुढे जाते. रस्त्यावर सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे त्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. पत्नी लक्कम्मा हिने ते पाहिले आणि जास्तीचे होते तिथे परत टाकून यायला सांगितले. तिने त्या जास्तीच्या तांदळाला भक्ती म्हटले नाही, आशा म्हटले. सद्भक्तहो, या कथेकडे आपण सहसा अपरिग्रहाची कथा म्हणून पाहतो. पण तिच्यात कायकाची मर्यादाही आहे. आजच्या दिवसापुरते झाले, आता पुरे, असे म्हणणारा कोणी तरी घरात असावा लागतो. वित्ताच्या धंद्यात हाच शब्द हरवला आहे. एका तिमाहीचे उद्दिष्ट गाठले की पुढच्या तिमाहीचे वाढवून देतात. चांगले काम केल्याचे फळ म्हणजे अधिक काम. ज्या कामात 'पुरे' हा शब्दच नाही ते कितीही निष्ठेने केले तरी त्याला कायक म्हणावे का, याविषयी आम्हाला शंका आहे. नोकरी आणि कायक हे शब्द आपण फार सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो. नोकरीचे कायक होऊ शकते, परंतु नेमणूकपत्र हाती आले एवढ्याने ते होत नाही.

मुलाची दुसरी अडचण अधिक खरी होती. तो म्हणाला, "मी गेलो नाही तर माझे काम शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या डोक्यावर पडते. तिचे लहान बाळ आहे." हा विचार करणारा मुलगा वाईट नव्हे. पण आम्ही त्याला विचारले, तिला ताप आला तर तिचे काम तू करशील की नाही? तो म्हणाला, करीन. मग तिला ती संधी का देत नाहीस? आपण दासोह देण्याविषयी फार बोलतो, दासोह घेण्याविषयी कोणी बोलत नाही. घेण्यासाठीही नम्रता लागते. माझ्यावाचून चालणार नाही, या समजुतीत थोडा अहंकार लपलेला असतो. आणि ज्या कचेरीत एक माणूस आजारी पडला तर दुसऱ्याचे बाळ उपाशी राहते, तिथे माणसे कमी नेमली आहेत. ती उणीव आजाऱ्याने आपल्या यकृतातून भरून काढायची नसते.

तिथे राजगढचेच एक निवृत्त बँक कर्मचारी बसले होते. ते हसून म्हणाले, "अप्पाजी, आमच्या वेळी उलट होते. डॉक्टरांचे सर्टिफिकेट खिशात आणि माणूस साळीच्या लग्नात." सगळे हसले. पण ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. चोरी करू नये, खोटे बोलू नये, हा बसवण्णांनी घालून दिलेला आचार आहे, आणि खोट्या आजाराची रजा ही एकाच वेळी दोन्ही आहे. ती केवळ मालकाची चोरी नव्हे. खऱ्या आजाऱ्याकडे साहेब संशयाने पाहतो, ती नजर याच लोकांनी तयार केली आहे. मात्र याच न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अंगात ताप असून "मी अगदी बरा आहे" म्हणणारासुद्धा खोटेच बोलतो. पहिल्याला आपण लबाड म्हणतो, दुसऱ्याला कर्तव्यदक्ष म्हणून हार घालतो. दोघांच्याही अंगाचे आणि शब्दांचे नाते तुटलेलेच असते.

आजार आणि आळस यांची गल्लत शास्त्रकारांनी केलेली नाही. पतंजलींनी योगमार्गातले नऊ अंतराय सांगितले, त्यात व्याधी पहिली आहे आणि आलस्य वेगळे मोजले आहे. धार हे तर भोजराजाचे गाव. त्याने योगसूत्रांवर 'राजमार्तंड' नावाची वृत्ती लिहिली, तीतही ज्वरादी व्याधी वेगळी आणि काम टाळायला लावणारे जडपण वेगळे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय आहे. तहान, भूक, झोप, श्रमाने लागलेली धाप असे देहाचे वेग अडवू नयेत असे तो सांगतो, आणि पुढे म्हणतो की लोभ, भय, क्रोध यांचे वेग मात्र अडवावेत. आजची कचेरी नेमके उलट शिकविते. झोप अडवा, भूक अडवा. लोभ आणि भय यांना मात्र मोकाट सोडा. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात तप करकरून कृश झालेल्या पार्वतीसमोर बटूच्या वेषात शिव येतो आणि धर्माचे पहिले साधन शरीर आहे याची तिला आठवण करून देतो. हे बोलणारा कोणी सुखलोलुप गृहस्थ नाही, साक्षात शिव आहे, हे विद्यार्थिदशेत आम्ही पाठ केले. समजले फार उशिरा.

२०२४ साली पुण्यात जे घडले ते आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. अर्न्स्ट अँड यंग या जागतिक लेखापरीक्षण समूहाच्या पुण्यातील सदस्य संस्थेत केरळमधील २६ वर्षांची एक सनदी लेखापाल मुलगी मार्चमध्ये रुजू झाली आणि २० जुलैला वारली. तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये सर्वांसमोर आले. मृत्यूपूर्वी काही दिवस तिच्या छातीत आवळल्यासारखे होत होते. आईवडिलांनी डॉक्टरांकडे नेले. झोप अपुरी आणि जेवण अवेळी आहे असे डॉक्टर म्हणाले. आणि तिथून मुलगी हट्टाने कामावर गेली, काम फार आहे, रजा मिळणार नाही म्हणाली, असे त्या माउलीने लिहिले आहे. कामाच्या ताणाने मृत्यू झाला हे संस्थेच्या प्रमुखांनी मान्य केले नाही. मृत्यूचे कारण ठरविणे आमचे काम नव्हे. आमचे मन अडकते ते 'रजा मिळणार नाही' या शब्दांत. तिने रजा मागितली होती की नाही, हे त्या शब्दांतून कळत नाही. न मागताच मिळणार नाही हे तिला ठाऊक होते, असे वाटते. राजगढच्या मुलानेही मागितली नव्हती. नकार देण्याचे कष्टसुद्धा वरिष्ठाला पडत नाहीत, इतका तो नकार या मुलांच्या आत जाऊन बसला आहे.

एक गोष्ट ऐकून त्या मुलाला आश्चर्य वाटले. आपल्या रिझर्व्ह बँकेने ९ जुलै २०२१ रोजी बँकांना एक परिपत्रक पाठविले. नाजूक जागी असलेल्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग निदान दहा कामाचे दिवस, आगाऊ कल्पना न देता, सक्तीने रजेवर पाठवावे, आणि त्या काळात अंतर्गत ईमेलखेरीज कामाच्या कोणत्याही साधनाला त्यांनी हात लावू नये, असा त्यात आदेश आहे. हा दयाळूपणा नव्हे, हिशेबीपणा आहे. जो कधीच खुर्ची सोडत नाही, त्याच्या खुर्चीखाली काय दडले आहे ते तो दूर झाल्यावरच दिसते. फ्रान्समधील सोसिएते जनरल बँकेला २००८ साली ज्या एका दलालाच्या व्यवहारांमुळे सुमारे ४.९ अब्ज युरोंचा तोटा झाला, तोही रजा टाळणाराच होता. म्हणजे कधीही रजा न घेणारा कर्मचारी हा निष्ठेचा पुतळा, ही समजूत पैशाच्या व्यवहारातल्या जाणत्यांनीही सोडून दिली आहे. आपण मात्र तिला धर्माचा आधार देत बसलो आहोत.

त्याच धार जिल्ह्यात पीथमपूरचे कारखाने आहेत. तिथल्या यंत्रावर उभ्या राहणाऱ्या, महिना एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक कामगाराला राज्य विमा योजनेत आजारपणासाठी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम मिळू शकते. त्याच्याहून दुप्पट-तिप्पट पगार घेणारा आपला मुलगा त्या छत्राबाहेर आहे. त्याचे आजारपण त्याच्या साहेबाच्या मर्जीवर. पगार वाढला आणि आजारी पडण्याचा हक्क कमी झाला, हा व्यवहार हिशेबनिसाच्या तरी लक्षात यायला हवा!

अर्थात ज्याच्या घरावर कर्ज आहे, ज्याची नोकरी गेली तर बहिणीचे लग्न अडेल, त्याला "रजा घे" म्हणणे सोपे आहे आणि ते म्हणणारे आम्ही मठात राहतो, याची आम्हाला जाणीव आहे. काही ठिकाणी रजा मागितल्याने खरोखर नोकरी जाते. अशा वेळी भित्रा म्हणून त्याला दोष देणे हा अन्याय आहे; तिथे दोष मागणाऱ्याचा नसतो. आम्ही त्या मुलाला एवढेच सांगितले की मागून तर पाहा, आणि अर्जात 'घरगुती कारण' न लिहिता सरळ 'कावीळ' असे लिही. त्याने तिथेच फोनवर अर्ज लिहिला. उत्तर रात्रीपर्यंत आले नाही. पहाटे आले, आठ दिवस मंजूर, उरलेले पुढे पाहू. आठाचे एकवीस करण्यासाठी त्याला पुन्हा दोनदा लिहावे लागले.

परतीच्या प्रवासात आम्हाला आमच्याच मठातली गोष्ट आठवत राहिली. बारा वर्षांपूर्वी दासोहाच्या स्वयंपाकघरात एक वृद्ध सेवक होते. जत्रेच्या पाच दिवसांत त्यांना ताप होता. त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. समारोपाच्या सभेत आम्ही त्यांना पुढे बोलावून शाल घातली, आणि तापातही चूल सोडली नाही, याला म्हणतात कायक, असे हजारो लोकांसमोर म्हणालो. टाळ्या पडल्या. पुढे त्यांचा तो ताप विषमज्वर निघाला. दीड महिना अंथरुणावर होते आणि नंतर पूर्वीसारखे कधी झाले नाहीत. त्यांनी तक्रार केली नाही. ती शाल त्यांच्या घरी अजून घडी करून ठेवलेली आहे असे त्यांची सून सांगते. ज्या कंपन्यांना आम्ही वर नावे ठेवली, त्यांच्यात आणि त्या सभेतल्या आमच्यात फरक किती, हे वाचकांनी ठरवावे. आमचे उत्तर आम्हाला ठाऊक आहे.

मठात आल्यावर दासोह, गोशाळा आणि कार्यालयातील सेवकांसाठी आजारपणाच्या रजेची एक वही ठेवली. पहिला महिनाभर तिच्यात एकही नाव आले नाही. दुसऱ्या महिन्यात आम्हाला पडसे आणि कणकण होती; एरवी आम्ही काढा घेऊन प्रवचनाला बसलो असतो. या वेळी वहीत पहिले नाव आमचे लिहिले आणि दोन दिवस झोपून राहिलो. त्याच आठवड्यात गोशाळेतल्या मुलाने आपले नाव लिहिले.