ठेव आणि अडगळ

आपल्या भागातील जुन्या वाड्यांना माळा असतो आणि माळ्याला बहुधा शिडी नसते. शिडी शेजारून मागून आणावी लागते. म्हणून जे एकदा वर गेले ते वरच राहिले. भालकी, हुमनाबाद, आळंद, कलबुर्गी या टापूतील मराठी घरांत वाटणी होते किंवा वाडा विकायला निघतो, तेव्हा कोठे ती शिडी लागते. पितळी हंडे, मोडके पाळणे, कुलूप गंजलेल्या ट्रंका एकामागून एक अंगणात उतरू लागतात आणि यातले काय ठेवायचे, हा प्रश्न उभा राहतो. वरवर पाहता हा गृहव्यवस्थेचा प्रश्न आहे. आमच्या मते तो नीतीचाही आहे.

या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर आपल्याच भूमीत दिले गेले. बाराव्या शतकातील कल्याणात, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, आय्दक्की मारय्या आणि लक्कम्मा हे शरण दांपत्य राहत असे. सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्यांचे कायक. कथा अशी, की एके दिवशी त्यांनी रोजच्यापेक्षा अधिक तांदूळ वेचून आणले. लक्कम्मांनी ते पाहिले आणि जास्तीचे तांदूळ जेथून आणले तेथेच परत टाकून येण्यास सांगितले. घरात दारिद्र्य होते आणि दाणे चोरीचे नव्हते. तरीही ‘आजच्या गरजेहून अधिक आहे ते कोणाचे?’ हाच त्या माउलीपुढचा प्रश्न होता.

हा दंडक आम्हांस पूज्य वाटतो. पण तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला जसाच्या तसा लागू होत नाही. ज्याचे पीक एका पावसावर अवलंबून, त्याने पेव भरून ठेवले तर त्याला लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या घरांतील साठवणुकीला इतिहासही आहे. रझाकारांच्या धामधुमीत, १९४७-४८ साली, या भागातील अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूरकडे गेली ती हाती लागेल तेवढे घेऊन. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ती परतली. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. हे पाहिलेल्या आजीने रिकामा डबा टाकू दिला नाही, दोरीचा तुकडा गुंडाळून खुंटीला लावला, यात हसण्यासारखे काही नाही. ‘असू दे, लागेल कधीतरी’ हे वाक्य तिने भोगून मिळवलेले होते.

मात्र त्या वाक्याच्या आड आज जे साठते आहे, ते तिने साठवलेले नाही. जुन्या घरात वस्तू पडून राहत नसत, त्या फिरत असत. लुगडे विरले की त्याची वाकळ होई, जिला आपल्या कानडी शेजारणी कौदी म्हणतात. वाकळ फाटली की तिचे पोतेरे. भांड्यांना कल्हई लागे, पोचा पडलेले तांब्यापितळेचे भांडे मोडीत जाऊन नवे येई, उरलेसुरले उकिरड्यावर कुजून शेतात जाई. जागाही ठरलेल्या असत. दाण्याला कोठी, मडक्यांना उतरंड, दिव्याला कोनाडा, दौतीला फडताळ. रात्री अंधारात हात घातला तरी काडेपेटी सापडे. ही शिस्त कोणी पुस्तकातून शिकले नव्हते. आज मोबाइलची खोकी, बिघडलेले मिक्सर, लग्नात मिळालेले आणि कागदसुद्धा न काढलेले डिनर सेट यांना ना कोनाडा आहे ना उकिरडा. प्लॅस्टिकची वाकळ होत नाही. आपण आजीची साठवण्याची सवय घेतली आणि फिरवण्याची कला सोडून दिली. हिला काटकसर म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

जपानच्या मारी कोन्दो यांच्या २०१० साली निघालेल्या पुस्तकाचा जगभर बोलबाला झाला. वस्तू हाती घ्यावी, तिने मनाला आनंद होतो का ते पाहावे आणि न झाल्यास तिचा निरोप घ्यावा, असे त्या सांगतात. साड्यांच्या कपाटापुरते ते ठीक आहे. पण पणजोबांच्या नावाची सनद हाती घेऊन कोणाला आनंद व्हायचा? ती वाचताच येत नाही.

कारण आपल्या ट्रंकांतील कागद मोडीत आहेत, नाही तर उर्दूत. त्यांवरील साल फसली आहे. ते ज्या व्यवस्थेचे, ती उरलेली नाही. १९४९ साली निजामी मुलखातील जहागिऱ्या गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. १९७४ च्या दुरुस्तीने कर्नाटकात कुळांना जमिनी मिळाल्या. तेव्हा हक्क सांगण्यास या कागदांचा फारसा उपयोग नाही, आणि असता तरी तो करावा असे आम्ही म्हणणार नाही. पण अशा कागदांत विहिरींचे, बांधांचे, बलुतेदारांचे उल्लेख असतात, आज कोणाच्या तोंडी नसलेली शेतांची नावे असतात. म्हणजे ते आमच्या घरात असले तरी केवळ आमच्या घराचे नाहीत, गावाचेही आहेत. लक्कम्मांचा प्रश्न येथे पुन्हा लागू पडतो, आणि तांदळापेक्षा अधिक नेमका.

‘राजवाड्यांनी नाही का माळ्यांवरून इतिहास काढला?’ असे म्हणून पेटारा न उघडणारे आमच्या पाहण्यात आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि त्यासाठी व पुढील खंडांसाठी गावोगावची दप्तरे पालथी घातली, हे खरे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी जुन्या वाड्यांतून अडकित्ते, दिवे, वज्र्या, पानाचे डबे जमवून वीस हजारांवर वस्तूंचा संग्रह उभा केला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, हेही खरे. पण या दोघांनी वस्तू माळ्यावरून खाली आणल्या, झटकल्या, त्यांना नाव दिले आणि शेवटी स्वतःपाशी ठेवल्या नाहीत. माळ्यावर राहिले ते वाळवीने नेले. धुळीखाली बिदरी पानदानावरचे चांदीचे काम दिसत नाही. ते भंगारात जस्ताच्या भावानेही जाऊ शकते. भालचंद्र नेमाडे यांच्या २०१० सालच्या ‘हिंदू’ कादंबरीच्या उपशीर्षकाने ‘अडगळ’ या शब्दाला ‘समृद्ध’ हे विशेषण जोडले, त्यानंतर तर न उघडण्याला साहित्यिक पाठबळही मिळाले आहे!

आणखी एक गोष्ट बोलून दाखवलीच पाहिजे. घटस्थापनेपूर्वी या वस्तू झटकते कोण? ‘वाडवडिलांचे आहे, हात लावू नका’ असे म्हणणारा ओसरीवर बसलेला असतो आणि त्या पूज्यभावाची धूळ सुनेच्या नाकातोंडात जाते. वर्षानुवर्षे जी बाई ते सांभाळते, तिला काय ठेवायचे याविषयी कधी विचारले जात नाही. मारय्यांच्या घरात निर्णय लक्कम्मांनी केला होता, याची आठवण द्यावीशी वाटते.

भार नकळत वाढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या भिंतींबरोबर माळवदे कोसळली आणि माणसे त्यांखाली गेली. पाऊस गळू नये म्हणून त्या माळवदांवर वर्षानुवर्षे मातीचे थर चढवलेले होते. प्रत्येक थर त्या त्या वर्षी शहाणपणाचाच होता.

आता मुले पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरूत, दोन खोल्यांच्या सदनिकांत राहतात. त्यांच्यासाठी ट्रंका राखून ठेवणे म्हणजे न केलेला निर्णय त्यांच्यावर ढकलणे होय. वापरायचे ते वापरात आणावे. ज्याला गरज आहे त्याला त्याच्या उपयोगाच्या काळातच द्यावे. कागद वाचून घेऊन त्यांच्या प्रती काढाव्यात आणि मूळ कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला विचारून सोपवावेत. घाई एवढ्यासाठीच, की कोणता हंडा कोणाच्या माहेरचा आणि कोणते अक्षर कोणाचे हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना शिडी चढवणार नाही. ट्रंक त्यांच्या खाटेशी आणून उघडावी आणि कोणी तरी वही घेऊन शेजारी बसावे. दिवाळीची सुटी त्यास पुरेशी होते.