बापाचं कोणतं कर्ज फेडायचं?

दहाव्याला समोर बसलेल्या मुलाला मी वडिलांचं नाव विचारतो, गोत्र विचारतो. वडील कसे होते हे विचारत नाही, कारण विधीला ते लागत नाही. धाम नदीच्या काठी मी वर्षानुवर्षं उत्तरक्रिया करतो आहे. श्राद्धाच्या मंत्रांमध्ये मृताच्या गुणांची यादी कुठेच नाही. बाप वसुरूप, आजा रुद्ररूप, पणजा आदित्यरूप, एवढंच म्हणायचं. बाराव्याला सपिंडीकरणात मृताच्या पिंडाचे तीन भाग करून ते वरच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळायचे. तिथून पुढे तो प्रेत राहत नाही, पितर होतो. सज्जन असो की दुर्जन, प्रत्येकाचा पिंड त्याच तांदळाचा.

मग 'गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये' हे आलं कुठून? विधीतून नक्कीच नाही. ते आपण घातलं आहे, आणि माझ्या मते त्यानं घराघरांतल्या बायकांचं आणि धाकट्या भावंडांचं फार नुकसान केलं आहे. एकदा पिंडाला कावळा शिवेना. अशा वेळी नातेवाईक हात जोडून शब्द देऊ लागतात, धाकट्याचं शिक्षण करू, आईला सांभाळू. त्या गर्दीत मागे उभी असलेली मुलगी म्हणाली, "माझं काय? बाबांनी मला दहावीनंतर घरात बसवलं, ते कोण बोलणार?" तिच्या काकांनी तिला गप्प केलं. मी म्हटलं, "बोलू द्या तिला. इथं नाही बोलणार तर कुठं बोलेल?" सगळ्यांना माझं बोलणं आगाऊपणाचं वाटलं. मला अजूनही ते बरोबरच वाटतं.

त्या मुलीचं नाटक मी आधीच पाहिलं होतं. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' 1985 मध्ये विजया मेहतांनी रंगमंचावर आणलं. आमच्या विदर्भातलं धरणगाव, देशपांड्यांचा वाडा, आणि तात्याजी वारले आहेत. बाप एकदाही रंगमंचावर येत नाही, तरी सगळं घर त्याच्याच मुठीत. म्हातारी दादी मेलेल्या लेकाला हाका मारत राहते. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलेला. प्रभाला शिकायचं होतं, ते झालं नाही. चंदू घरातल्या गड्यासारखा राबतो. मुंबईचा सुधीर सुतकासाठी येतो आणि हिशेबात अडकतो. मोठ्या भास्करला मात्र एकच चिंता आहे. देशपांड्यांच्या इभ्रतीला शोभेल अशी तेरवी झाली पाहिजे, गाव जेवलं पाहिजे.

भास्करसारखे यजमान मला नेहमी भेटतात. ते वाईट नसतात. बापाचं कर्ज फेडायचं आहे असं त्यांना मनापासून वाटतं. म्हणूनच प्रश्न खरा आहे. चुकलेल्या बापाचं ऋण मुलावर असतं का? आणि असलं तर कोणतं?

ब्राह्मण तीन ऋणं घेऊन जन्मतो असं तैत्तिरीय संहिता सांगते. ऋषींचं ऋण ब्रह्मचर्यानं, देवांचं यज्ञानं, पितरांचं संततीनं फिटतं. बापाची स्तुती करून फिटतं असं तिथं म्हटलेलं नाही. याज्ञवल्क्य स्मृती तर आणखी पुढे जाते. बापाचं देणं मुलानं फेडावं, हा नियम. पण दारूसाठी काढलेलं, कामवासनेपायी काढलेलं, जुगारात झालेलं, दंडाचं किंवा जकातीचं थकलेलं, आणि व्यर्थ दानापायी झालेलं कर्ज मुलानं देऊ नये, असं ती स्पष्ट सांगते. ही यादी पाठशाळेत पाठ केली तेव्हा मला ती केवळ सावकारीच्या व्यवहाराची वाटली होती. आता ती मला धर्माचा फार मोठा विचार वाटते. बापाचा हिशेब मुलानं तपासायचा आहे. तपासणं म्हणजे अनादर नव्हे. शास्त्रानंच ते काम मुलाकडे दिलं आहे.

या तराजूत भास्करची तेरवी घालून पाहा. कर्ज काढून गावजेवण घालणं हे व्यर्थ दानच आहे. बापानं इभ्रतीपायी जे उधळलं, तेच मुलगा बापाच्या नावानं पुन्हा उधळतो. जे देणं खरं होतं, प्रभाचं, त्याची नोंद कुणाच्याच वहीत नाही. एलकुंचवारांनी तात्याजींना राक्षस केलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. राक्षस असता तर त्याला टाकून मोकळं होता आलं असतं. 'नटसम्राट' पाहून प्रेक्षक बेलवलकरांच्या मुलांवर चिडून बाहेर पडतो. 'वाडा' पाहून कुणा एकावर चिडता येत नाही.

दुसरं नाटक अमेरिकेतलं आहे. ऑगस्ट विल्सन यांचं 'फेन्सेस' 1987 मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि त्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. डेन्झेल वॉशिंग्टन यांनी त्याचा 2016 मध्ये चित्रपट केला, तो मी मुलीच्या लॅपटॉपवर पाहिला आणि मग पुस्तक मागवलं. पिट्सबर्गमधला ट्रॉय मॅक्सन कचऱ्याच्या गाडीवर काम करतो. काळ्या खेळाडूंच्या लीगमध्ये त्यानं बेसबॉल गाजवला होता. मोठ्या लीगचे दरवाजे उघडले तेव्हा त्याचं वय निघून गेलं होतं. त्याच्या मुलाला, कोरीला, फुटबॉलच्या जोरावर कॉलेजात जायची संधी येते, आणि बापच ती बंद करून टाकतो. त्यात मुलाला वाचवण्याची इच्छा आहे, भीती आहे, आणि मत्सरही आहे. बायकोला तो फसवतो. दुसरीकडे झालेली मुलगी, आई बाळंतपणात गेल्यावर, तो त्याच बायकोच्या, रोझच्या हातात देतो. ट्रॉयच्या स्वतःच्या बापानं त्याला चौदाव्या वर्षी असं मारलं होतं की तो घर सोडून चालता झाला.

शेवटच्या प्रवेशात ट्रॉयचा अंत्यविधी आहे. कोरी सैनिकाच्या गणवेशात घरी येतो आणि आईला सांगतो, मी येणार नाही. आयुष्यात एकदा तरी बापाला नाही म्हणायचं आहे. रोझ त्याला अडवते, पण नवऱ्याचा एकही दोष झाकत नाही. तिच्या मते न जाण्यानं मुलगा बापातून सुटणार नाही. मग कोरी आणि ती लहान सावत्र बहीण मिळून बापाचं एक कुत्र्याचं गाणं म्हणतात. ते गाणं ट्रॉयला त्याच्या बापाकडून मिळालेलं असतं, ज्यानं त्याला मारलं त्याच बापाकडून. तीन पिढ्यांचे पिंड मिसळताना मी जे म्हणतो, ते मला तिथं ऐकू आलं. मार घ्यायचा नाही, गाणं घ्यायचं. हे निवडणं कोरीला जमतं, कारण रोझ त्याच्यापासून काही लपवत नाही.

माझ्या मनात भास्कर आणि कोरी या दोघांच्या शेजारी नचिकेता उभा आहे. कठोपनिषदातला बाप सर्वस्वाचं दान करायला निघाला आणि दूध आटलेल्या म्हाताऱ्या गाई देऊ लागला. मुलाला ते दिसलं. त्यानं 'मला कुणाला देणार?' असं पुन्हा पुन्हा विचारलं, आणि चिडलेल्या बापानं त्याला मृत्यूलाच देऊन टाकलं. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी काढल्यावर तीन वर मिळाले. त्यातला पहिला त्यानं मागितला तो बापाचं मन शांत व्हावं म्हणून. आत्मविद्या नंतर. पण आधी त्यानं त्या गाई पाहिल्या होत्या आणि बापासमोर तोंड उघडलं होतं. आपण मुलांना पहिल्या वराची गोष्ट सांगतो. गाईंची सांगत नाही.

तेव्हा माझ्याकडे तेरवीचा मुहूर्त विचारायला येणाऱ्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पत्रावळी किती लागतील ते नंतर मोजा. आधी बहिणीला, आईला, धाकट्या भावाला समोर बसवा आणि विचारा, बाबांकडून तुमचं काय राहिलं? ते पूर्ण ऐका, मध्ये बोलू नका. देता येईल ते त्याच आठवड्यात द्या. वाट्याची जमीन असेल तर ती, फी असेल तर ती, आणि काहीच देता येत नसेल तर निदान 'ते चुकले' एवढे दोन शब्द सगळ्यांदेखत. पंगत त्यानंतर वाढा. दहा माणसांची असली तरी पुरेल.